लंडनमध्ये मराठी माईक शोधताना

शुक्रवार

शेफील्डहून सकाळी सुटणारी गाडी दोन-सव्वादोन तासांत लंडनच्या सेंट पँक्रास स्टेशनात येते. पत्रकारितेच्या आमच्या वर्गाला सोमवारी बीबीसीचं ब्रॉडकास्टिंग हाउस बघायला मिळणार होतं. बाकीची मंडळी त्या दिवशी सकाळी येणार होती. मी शुक्रवारीच निघाले, कारण ती इमारत बघण्याआधी बीबीसी जिथं जिथं राहिली ती ठिकाणं क्रमानं बघावीत असं मनात होतं. आणि त्यातल्या कुठल्या ठिकाणाहून मराठी बोललं गेलं, तेही शोधायचं होतं.

बीबीसी मराठी म्हटलं की आपल्याला मोबाईलवर दिसणारी आजची सेवा आठवते. ती २ ऑक्टोबर २०१७ला सुरू झाली. पण त्याच्याही आधी, १ मार्च १९४२ रोजी, महायुद्ध ऐन भरात असताना लंडनहून मराठी प्रक्षेपण सुरू झालं होतं आणि ते २५ डिसेंबर १९५८पर्यंत चाललं. मी जयसिंगपूरची. सकाळी सांगली आकाशवाणी लागल्याशिवाय आमच्या घरात चहा होत नसे. तरीही लंडनच्या या मराठी रेडिओबद्दल मी शेफील्डच्या ग्रंथालयात येईपर्यंत एक अक्षर ऐकलं नव्हतं. त्या आवाजांपैकी एक आमच्याच शिरोळचा होता हे वाचल्यावर तर मला राहवेना.

मावशीकडे हॅरोला बॅग टाकली आणि भुयारी रेल्वेनं स्ट्रँडला आले. बीबीसीचं पहिलं बिऱ्हाड याच रस्त्यावर होतं. मार्कोनी हाउस नावाच्या इमारतीतून १४ नोव्हेंबर १९२२च्या संध्याकाळी बीबीसीच्या पहिल्या बातम्या गेल्या. आर्थर बरोज यांनी त्या वाचल्या, आणि त्याही दोनदा. एकदा भरभर, एकदा सावकाश. मग श्रोत्यांना सांगितलं की कुठली गती बरी वाटते ते कळवा. मला ही गोष्ट फार आवडते. आपलं बोलणं समोरच्यापर्यंत नीट पोचतंय का, हा प्रश्न त्यांना पहिल्याच संध्याकाळी पडला होता. आज त्या जागी राहती घरं आणि हॉटेल आहे, दर्शनी भिंत तेवढी जुनी राखली आहे.

तिथून थेम्सच्या दिशेला उतरलं की सॅव्हॉय हिल. १९२३ ते १९३२ बीबीसी इथं होती. विद्युत अभियंत्यांच्या संस्थेच्या इमारतीत खोल्या भाड्यानं घेतल्या होत्या. आवाज घुमू नये म्हणून त्या काळच्या स्टुडिओंत भिंतींवर आणि छताला जाड कापड लावत. ३१ डिसेंबर १९२३ला बिग बेनचे टोले पहिल्यांदा प्रक्षेपित झाले आणि ५ फेब्रुवारी १९२४ला ग्रीनिचच्या वेधशाळेचे, वेळ सांगणारे सहा टोले. त्यांचं 'पिप्' हे नाव आवाजावरूनच पडलेलं आहे. हे सगळं बीबीसी या गल्लीत राहत असताना घडलं. गल्ली अरुंद आणि उताराची आहे. नोव्हेंबर असल्यामुळे चारलाच दिवे लागले होते. इमारतीवरची पाटी वाचून मी परत वर आल्डविचला आले.

आल्डविचचं बुश हाउस मात्र डोळ्यांत भरतं. उंच खांब, त्यांच्यावर दोन भव्य पुतळे. बीबीसीची युरोपीय भाषांतली सेवा १९४१ साली इथं आली, पुढं बाकीच्या परदेशी भाषाही आल्या, आणि २०१२च्या जुलैपर्यंत बीबीसी इथं राहिली. हिंदी ऐकणाऱ्या कित्येकांनी वर्षानुवर्षं जो 'लंडनचा' आवाज ऐकला तो इथला. ३० जून १९४४ला या रस्त्यावर जर्मनांचा उडता बॉम्ब पडला आणि चाळीसहून अधिक माणसं गेली. पुतळ्यांपैकी एकाचा हात तुटला तो कितीतरी वर्षांनी बसवला. आता ही इमारत किंग्ज कॉलेजकडे आहे. पाठीवर सॅक टाकलेली मुलं आत-बाहेर करत होती. अगदी शेजारी भारताचं उच्चायुक्त कार्यालय, इंडिया हाउस. फाटकासमोर व्हिसाच्या कामासाठी आलेली माणसं थंडीत उभी होती.

पण मराठी इथं सुरू झालं नाही. युद्धकाळात पूर्वेकडच्या भाषांचा विभाग ऑक्सफर्ड स्ट्रीटवर होता. ते मी मंगळवारसाठी राखून ठेवलं.

शनिवार

अलेक्झांड्रा पॅलेस उत्तर लंडनच्या टेकडीवर आहे. वुड ग्रीन स्टेशनवरून बस वर जाते. इथून २ नोव्हेंबर १९३६ला बीबीसीची दूरचित्रवाणी सुरू झाली. वास्तूच्या आग्नेय कोपऱ्यात दोन स्टुडिओ होते आणि दोन्हींत आडव्या रेषांनी चित्र उमटवायच्या दोन वेगवेगळ्या पद्धती. जॉन लोगी बेअर्डची २४० रेषांची आणि मार्कोनी-ईएमआय कंपनीची ४०५ रेषांची. आलटून पालटून एक आठवडा ही, एक आठवडा ती. बेअर्डच्या एका पद्धतीत आधी फिल्मवर चित्रण करायचं, तिथल्या तिथं ती फिल्म रसायनांत धुवायची आणि ओली असतानाच तिचं प्रक्षेपण करायचं. यात जवळजवळ मिनिटभर जाई. म्हणजे बोलणाऱ्याचा शब्द पडद्यावर मिनिटभरानं पोचायचा. तीन महिन्यांत निकाल लागला आणि १९३७च्या फेब्रुवारीपासून मार्कोनी-ईएमआयची पद्धत तेवढी राहिली. बेअर्डचं नाव सगळ्यांना माहीत असतं, पण टिकलं ते दुसऱ्यांचं यंत्र.

युद्ध सुरू झालं तसं १ सप्टेंबर १९३९ला दूरचित्रवाणी बंद केली. पुन्हा सुरू व्हायला ७ जून १९४६ उजाडला. दिल्लीत दूरदर्शन १९५९ साली आलं आणि मुंबईत २ ऑक्टोबर १९७२ला. म्हणजे या टेकडीवरचा मनोरा उभा राहिल्यावर छत्तीस वर्षांनी वरळीला चित्र उमटलं. मनोरा अजून आहे. त्याच्याखाली उभं राहिलं की अख्खं लंडन पायाशी पसरलेलं दिसतं, आणि अँटेनासाठी हीच जागा का निवडली ते कुणी सांगावं लागत नाही. स्टुडिओ आतून बघता आले नाहीत. वारा इतका बोचरा होता की कॉफी हातात घेऊनच बसची वाट बघितली.

रविवार

आज घरीच. मावशीनं थालीपीठ लावलं होतं. मी लॅपटॉपवर १९४२ सालचा एक फोटो उघडून तिच्यापुढं धरला.

"मावशी, ही डावीकडं पहिली बसलीय ना साडीतली, ती कोण सांग."

"कोण गं?"

"वेणू चितळे. शिरोळची."

"आपल्या शिरोळची? आणि इथं काय करत होती?"

मावशी वीस-बावीस वर्षं लंडनला आहे, ऑक्सफर्ड सर्कसवरून हजारदा गेली असेल, महाराष्ट्र मंडळाच्या गणपतीला दरवर्षी डॉलिस हिलला जाते. तिलाही हे नाव माहीत नव्हतं. मग दुपारभर मी तिला सांगत बसले.

वेणूताईंचा जन्म १९१२चा. लहानपणीच आईवडील गेले. पुण्यात हुजूरपागेत शिकल्या, पुढं मुंबईला, आणि १९३४ साली इंग्लंडला आल्या. युद्ध सुरू झाल्यावर बीबीसीत लागल्या. इंग्रजीत बोलल्या, मराठीत बोलल्या. रेशनिंगच्या दिवसांत इंग्लंडमध्ये मटण मिळेना, तेव्हा 'किचन फ्रंट' नावाच्या कार्यक्रमात त्यांनी तिथल्या गृहिणींना आपले शाकाहारी पदार्थ कसे करायचे ते सांगितलं.

"म्हणजे आमटी शिकवली की काय गोऱ्यांना!" मावशी म्हणाली आणि काकांना हाक मारून तिनं पुन्हा पहिल्यापासून सगळं सांगायला लावलं.

सोमवार

ऑक्सफर्ड सर्कसवरून रीजंट स्ट्रीटनं उत्तरेकडं चालत गेलं की एका गोल चर्चच्या मागं, जहाजाचं नाक पुढं यावं तशी ब्रॉडकास्टिंग हाउसची पांढरी इमारत दिसते. रस्त्याचं नाव पोर्टलंड प्लेस. वास्तुकार जॉर्ज व्हॅल मायर, साल १९३२. दर्शनी भागावर एरिक गिल या शिल्पकाराचे प्रॉस्पेरो आणि एरियल आहेत, शेक्सपिअरच्या नाटकातला जादूगार आणि त्याचा सेवक. या गिलनं स्वतःच्या मुलींवर अत्याचार केले होते, हे त्याच्या मृत्यूनंतर बऱ्याच वर्षांनी उघड झालं. २०२२ साली एका माणसानं शिडीवर चढून या शिल्पावर हातोडा चालवला. आमच्या वर्गात यावरून वाद झाला. माझं मत असं की शिल्प राहू दे, पण ते कुणी केलं आणि त्या माणसानं काय केलं ते त्याच्याखाली स्पष्ट लिहिलेलं असावं.

जुन्या आणि नव्या इमारतींच्या मधल्या चौकात जगभरातल्या गावांची नावं फरशीत कोरलेली आहेत. दाराजवळ जॉर्ज ऑर्वेलचा पुतळा आहे. हातात सिगारेट, कमरेतून किंचित पुढं झुकलेला, समोरच्याला काहीतरी पटवून देणारा. मोतिहारीला जन्मलेला हा लेखक १९४१च्या ऑगस्टपासून १९४३च्या नोव्हेंबरपर्यंत बीबीसीच्या भारतीय विभागात नोकरीला होता. पुतळा २०१७च्या नोव्हेंबरमध्ये उभा राहिला, मराठी सेवा पुन्हा सुरू झाली त्याच्या पुढच्याच महिन्यात.

सुरक्षा तपासणी, गळ्यात पास, मोबाईल बंद. आम्हांला दाखवायला आलेली बाई पूर्वी रेडिओत स्टुडिओ मॅनेजर होती. म्हणजे निवेदक बोलत असताना काचेच्या पलीकडं बसून आवाजाची पातळी, वेळ आणि पुढची फीत सांभाळणारी. तिनं सुरुवातच जुन्या इमारतीच्या रचनेपासून केली आणि मला ती सुरुवात पटली.

१९३२ साली रस्त्यावर बस, गाड्यांचा गोंगाट. त्यात बावीस स्टुडिओ बांधायचे होते. मग व्हॅल मायरनं सगळे स्टुडिओ मधोमध एका जाड विटांच्या मनोऱ्यात घातले आणि भोवतीनं कचेऱ्यांच्या खोल्या फिरवल्या. जुन्या वाड्यात माजघर जसं सोपा आणि ओसरीच्या आत असतं, बाहेरचा कालवा तिथं पोचेपर्यंत विरतो, तसंच हे. स्टुडिओंना खिडकी नाही. हवा यंत्रानं आत सोडायची. सगळा ताप रस्त्याच्या आवाजाचा, आणि तो त्यांनी अडवला. जमिनीखालच्या आवाजाचं मात्र काही जमलं नाही. तळघरातल्या रेडिओ थिएटरमध्ये आम्ही बसलो होतो. भिंतींवर त्या काळची उठावशिल्पं, समोर छोटं रंगमंच. बाईनं सगळ्यांना गप्प बसायला सांगितलं. थोड्या वेळानं पायाखालून एक बारीक घरघर आली आणि गेली. बेकरलू मार्गाची गाडी. इथं होणाऱ्या ध्वनिमुद्रणात कान देऊन ऐकलं तर ती सापडते म्हणे.

याच थिएटरमध्ये युद्धात कर्मचारी झोपत. खुर्च्या काढून गाद्या टाकल्या होत्या आणि मध्ये कांबळी टांगून बायकांची बाजू वेगळी केली होती. १५ ऑक्टोबर १९४०च्या रात्री इमारतीवर बॉम्ब पडला. तो सातव्या मजल्याच्या खिडकीतून शिरला, खाली पाचव्या मजल्यापर्यंत आला आणि लगेच फुटला नाही. रात्री नऊच्या बातम्या चालू असताना फुटला. सात माणसं गेली. ब्रूस बेलफ्रेज तळघरातल्या स्टुडिओत बातम्या वाचत होते. ऐकणाऱ्यांना एक दबका धमाका ऐकू आला, मग कुणीतरी कुजबुजल्यासारखं, आणि मग बातम्या पुढं सुरू. बेलफ्रेजनी कागदावरची धूळ झटकली आणि पुढचं वाक्य घेतलं.

त्यानंतर नवी इमारत. राणी एलिझाबेथच्या हस्ते २०१३च्या जूनमध्ये तिचं उद्घाटन झालं. खालच्या मजल्यावरची बातम्यांची खोली वरच्या गॅलरीतून दिसते. खोली म्हणणं बरोबर नाही, मैदानच ते. वर्तुळाच्या आऱ्यांसारख्या मांडलेल्या टेबलांच्या ओळी, प्रत्येकापुढं दोन-दोन, तीन-तीन पडदे. बाजूच्या स्टुडिओत निवेदिका एकटीच बसलेली. कॅमेऱ्यामागं माणूस नाही. कॅमेरे यंत्रानं सरकतात, दुसऱ्या खोलीतून चालवतात. तिच्यासमोर काचेवर अक्षरं सरकत होती आणि तिच्या कानात कुणीतरी सारखं बोलत असणार, कारण बोलता बोलता मध्येच तिची पापणी हलायची. मला टीव्हीचा हा भाग बघून थोडं एकाकी वाटलं. आमच्यातल्या बऱ्याच जणांना हाच सगळ्यात आवडला.

रेडिओ नाटकाच्या स्टुडिओत मात्र मी तिथंच राहायला तयार होते. एकाच खोलीत एक जिना, पण पायऱ्यांच्या तीन पट्ट्या. एकीवर लाकूड, एकीवर सिमेंट, एकीवर गालिचा. नोकर चढतोय की मालक, घर गरिबाचं की श्रीमंताचं, ते पायांनीच कळतं. नुसतंच उभं केलेलं दार, त्याला वेगवेगळ्या कड्या-कुलपं. खडीचा एक चौकोन. कोपऱ्यात एक पूर्ण मुकी खोली. तिथं आवाज कुठल्याच भिंतीवरून परतत नाही, म्हणून मोकळ्या माळावरचे प्रसंग तिथं बोलतात. बाईनं एका पिशवीत कॉर्नफ्लोअर घेऊन दाबलं तर बर्फावरून कुणी चालत गेल्यासारखं वाटलं. घोड्याच्या टापांसाठी अजूनही नारळाच्या करवंट्या. मला जिना चढणारी मोलकरीण व्हायचं होतं आणि बोलायचं होतं एकच वाक्य, पण लाकडी पायऱ्या चढत माईककडं येताना दम लागल्यासारखं नुसतं भासवून चालत नाही, खरोखर चढावंच लागतं. ते आवाजात येतं.

मग बातम्या वाचण्याची पाळी. खरा स्टुडिओ, काचेपलीकडं ती बाई, दारावर लाल दिवा. तिनं दोन गोष्टी सांगितल्या. इंग्रजी बातमी साधारण सेकंदाला तीन शब्दांच्या गतीनं वाचायची. आणि बोलताना हजारो श्रोत्यांचा विचार करायचा नाही, एका माणसाचा करायचा. तासाच्या ठोक्याला सहा पिप् येतात, त्यांतला शेवटचा लांब असतो आणि तास भरतो तो त्या शेवटच्याच्या सुरुवातीला. त्यांच्यावर बोलणं हा इथं अक्षम्य प्रमाद मानतात. म्हणून घड्याळाकडं बघत वाक्य आखूड-लांब करत न्यायचं. डिजिटल रेडिओवर आवाज थोडा उशिरा पोचतो, त्यामुळे तिथं ऐकून घड्याळ लावू नका असंही तिनं सांगितलं.

सगळ्यांनी दिलेला इंग्रजी कागद वाचला. माझ्या वर्गातल्या एका मैत्रिणीनं, ती नायजेरियातल्या कानोची आहे, विचारलं की मी हौसा भाषेत वाचू का. तिची आजी बीबीसी हौसा ऐकत मोठी झाली. १९५७पासून आहे ती सेवा. तिनं वाचलं तेव्हा आम्हांला एक शब्द कळला नाही, पण इंग्रजी वाचताना अडखळणारी ही मुलगी एकदम निराळीच बोलू लागली. मग मीही विचारलं.

वहीत मी चार ओळी लिहून आणल्या होत्या. शिरोळ तालुक्यात उसाचा हंगाम सुरू झाला आहे, पहिल्या उचलीवरून शेतकरी आणि कारखाने यांच्यात बोलणी चालू आहेत, नृसिंहवाडीला पौर्णिमेची गर्दी आहे, आणि लंडनमध्ये आज आभाळ भरलेलं आहे. लाल दिवा लागला. मी एका माणसाचा विचार केला. आमच्या आजोबांचा, खुर्चीवर बसून रेडिओला कान लावलेल्या. आवाज पहिल्या ओळीत कापला, दुसरीपासून स्थिरावला. काचेपलीकडच्या बाईनं हात वर करून वेळ संपत आल्याची खूण केली तेव्हा मी शेवटच्या शब्दावर होते.

बाहेर आल्यावर मी तिला विचारलं, इथं मराठीचा विभाग कुठं आहे? इथं नाही, असं ती म्हणाली. वरच्या मजल्यांवर अरबी, फारसी वगैरे भाषांची माणसं बसतात. मराठीचं काम दिल्लीहून चालतं. मला ते माहीत होतं, तरी तिच्या तोंडून ऐकायचं होतं. आणि खरं सांगायचं तर मला त्यात वाईट वाटलं नाही. मराठी बातमी मराठी माणसांच्या जवळून निघाली तर बरंच. वाईट याचं वाटलं की इथं मराठी होती, हे त्या बाईलाही ठाऊक नव्हतं. मी सांगितलं तेव्हा तिनं वहीत साल लिहून घेतलं.

एक गोष्ट रात्री पाहिली. नव्या इमारतीच्या छतावर हाउमे प्लेन्सा या शिल्पकारानं केलेला काचेचा उलटा शंकू आहे. बातमीच्या कामात जीव गमावलेल्यांचं ते स्मारक. रोज रात्री दहाच्या बातम्यांच्या वेळी त्यातून प्रकाशाचा झोत आभाळात सोडतात, अर्धा तास. आम्ही सगळे कुडकुडत थांबलो. पुढच्या वर्षी आमच्यातले काही जण याच कामाला लागतील.

मंगळवार

२०० ऑक्सफर्ड स्ट्रीट. इथं पूर्वी पीटर रॉबिन्सन नावाचं मोठं कापडदुकान होतं. युद्धात बीबीसीनं ते घेतलं आणि पूर्वेकडच्या भाषांचे विभाग इथं बसवले. आज पुन्हा दुकानंच आहेत. फुटपाथवर इतकी गर्दी की उभं राहायला जागा नाही. इथं काय होतं हे कळावं असं रस्त्यावरून मला काही दिसलं नाही.

हिंदुस्तानी विभाग १९४०च्या मे महिन्यात सुरू झाला होता. झुल्फिकार अली बुखारी त्याचं बघत. बलराज साहनी त्या वर्षांत इथं निवेदक होते. मग १९४१मध्ये तमिळ आणि बंगाली, आणि १ मार्च १९४२ला एकाच दिवशी मराठी आणि गुजराती. ऑर्वेल दर आठवड्याला युद्धाच्या घडामोडींवर इंग्रजीत मजकूर लिहायचा, तो मराठीत उतरवून वाचला जायचा. म्हणजे ज्या ऑर्वेलचा पुतळा काल बघितला त्याची वाक्यं आपल्याकडं कुणाच्या तरी घरात मराठीतून पोचत होती, आणि ती कुणाची आहेत हे ऐकणाऱ्याला माहीत नव्हतं. प्रत्येक कागद आधी तपासून घ्यावा लागे. वाचताना शेजारी माणूस बसे, मंजूर मजकुराबाहेर शब्द गेला तर माईक बंद करायला.

इथं उभं राहून मला एक प्रश्न टाळता येईना. साल १९४२. ऑगस्टमध्ये 'चले जाव' झालं. गांधी, नेहरू तुरुंगात. मुंबईत उषा मेहता आणि त्यांचे साथीदार जागा बदलत बदलत गुप्त काँग्रेस रेडिओ चालवत होते. तो २७ ऑगस्टला सुरू झाला आणि १२ नोव्हेंबरला पोलिसांनी पकडला. बर्लिनहून सुभाषबाबूंचा आझाद हिंद रेडिओ बोलत होता. आणि त्याच वेळी लंडनहून, ब्रिटिश सरकारच्या पैशानं, ब्रिटिशांची बाजू मांडायला मराठी माणसं मराठीत बोलत होती. एकाच आठवड्यात एकाच घरात हे तिन्ही आवाज लागले असतील. शॉर्टवेव्हच्या लहरी वरच्या वातावरणावर आपटून खाली येतात, म्हणून इतक्या लांब पोचतात, पण मध्येच विरतात, पुन्हा उमटतात. सुई जरा हलवली की बर्लिन, जरा हलवली की लंडन.

वेणूताईंना मी यासाठी दोष देत नाही. जर्मनीत आणि जपानमध्ये जे चाललं होतं त्याच्याविरुद्ध बोलणं आणि आपल्या देशाचं स्वातंत्र्य मागणं, ही दोन्ही कामं एकाच माणसाच्या मनात नांदू शकतात. १९४७च्या डिसेंबरात त्या भारतात परतल्या आणि दिल्लीत निर्वासितांच्या छावण्यांत कामाला लागल्या. १९५०मध्ये त्यांची इंग्रजी कादंबरी आली. १ जानेवारी १९९५ला त्या गेल्या. मी ज्या तालुक्यात शाळेत गेले तिथल्या एकाही पुस्तकात, एकाही भाषणस्पर्धेत हे नाव आलं नाही, याची मात्र मला चीड येते.

तो १९४२चा फोटो मी पुन्हा मोबाईलवर उघडला. ऑर्वेलनं काढलेल्या 'व्हॉइस' नावाच्या कवितेच्या रेडिओ-मासिकाचा. मधोमध कवी टी. एस. एलियट. त्याच्या शेजारी जमैकाची कवयित्री उना मार्सन. मग कादंबरीकार मुल्कराज आनंद. उजव्या टोकाला नारायण मेनन, जे पुढं आकाशवाणीचे महासंचालक झाले आणि त्यानंतर मुंबईत एनसीपीए हे कलाकेंद्र उभं करायला आले. मागं उभा उंच ऑर्वेल. आणि डाव्या टोकाला वेणूताई. हा फोटो जगभरच्या पुस्तकांत छापला जातो, बहुतेकदा एलियट आणि ऑर्वेलसाठी.

दुपारी मावशीकडं जेवून संध्याकाळची गाडी पकडली. गाडीतच मी माझ्या शिक्षिकेला प्रबंधाचा विषय कळवला: लंडनचं मराठी प्रक्षेपण, १९४२ ते १९५८. बीबीसीचे जुने लेखी कागद रेडिंगजवळ कॅव्हर्शमला ठेवलेले आहेत. तिथं आधी वेळ मागून जावं लागतं, तशी विनंती पाठवली आहे. पण कागदांत बोलणाऱ्यांची बाजू सापडेल. ऐकणाऱ्यांची सापडणार नाही. १९५८ साली दहा वर्षांचं असलेलं मूल आज पंच्याहत्तरी ओलांडून गेलं आहे. कोल्हापूर, सांगली, पुणे, नागपूर, बेळगाव, गोवा, कुठंही तुमच्या घरात कुणी लंडनहून मराठी ऐकलं असेल, तर त्यांना आत्ताच विचारा: कितीला लागायचं, कोण बोलायचं, सुरुवातीला काय वाजायचं, कुणाकुणाला ऐकायला बोलवायचे. आणि ते जसं सांगतील तसं लिहून ठेवा. मी माझ्या आजोबांपासून सुरुवात केली. त्यांच्या वडिलांनी रेडिओ घेतला तो १९५४ साली, कोल्हापुरातून, आणि पहिल्या रात्री अख्खी गल्ली आमच्या सोप्यात होती, एवढं त्यांना आठवतं. लंडन लागायचं का, ते ते थोरल्या भावाला विचारून सांगणार आहेत.